भाच्याच्या हातातले यंत्र आणि आपल्या हातातला शेअर

पत्र: देवगड तालुक्यात माझी वडिलोपार्जित हापूसची बाग आहे. यंदा मोहोर टिकला, वाशीला दर बरा मिळाला, आणि खते, फवारण्या व राखणदारांचे पगार भागवून हातात आठ लाख रुपये शिल्लक राहिले. माझा भाचा ऐरोलीला एका बँकेच्या डेटा सेंटरमध्ये नोकरीला आहे. मोठमोठ्या कंपन्यांची माहिती साठवणारी यंत्रे बनवणाऱ्या अमेरिकन कंपन्यांना यापुढे मरण नाही, असे त्याचे म्हणणे. त्यांतल्या एका कंपनीचे यंत्र तो रोज हाताळतो आणि ते त्याला इतके पसंत आहे की "मामा, डोळे मिटून सगळे पैसे ह्यातच घाला" असे त्याने मे महिन्यात घरी आल्यावर सांगितले. मला संगणकातले काही कळत नाही, व्यवहार मात्र कळतो. अशा कंपनीचा शेअर पारखायचा कसा? घ्यायचा झाल्यास पत्नीच्या नावे घ्यावा काय?
— एक बागायतदार, देवगड

सप्रेम नमस्कार.

संगणकातले काही कळत नाही असे आपण लिहिले आहे, ते मला फारसे अडचणीचे वाटत नाही. भाच्याला जे कळते ते मोलाचे आहे. यंत्र रात्री दोन वाजता बंद पडते की नाही, पडलेच तर कंपनीचा माणूस किती वेळात येतो, हे कोणत्याही अहवालात वाचायला मिळत नाही. परंतु त्याच्या अनुभवावरून यंत्र चांगले आहे एवढेच ठरते. कलमे जातिवंत आहेत म्हणून कोणी सांगेल त्या रकमेला आपण बाग खंडाने घेणार नाही. गेल्या चार वर्षांचे पीक, वाट, पाणी, राखण आणि मालकाने दलालाकडून आधीच घेऊन ठेवलेली उचल, हे सारे पाहूनच आपण बोलणी कराल. शेअरच्या बाबतीत ह्याच गोष्टी निराळ्या नावांनी कंपनीच्या वार्षिक अहवालात लिहिलेल्या असतात, आणि असा हिशेब वाचण्याची सवय भाच्यापेक्षा आपल्याला अधिक आहे. (मी सेबीकडे नोंदलेला सल्लागार नाही. पुढे कंपन्यांची नावे येतील ती उदाहरणादाखल आहेत, शिफारस म्हणून नव्हेत.)

प्रथम हा धंदा कोणाकोणाच्या हातून जातो ते पाहावे लागेल. बँक, विमा कंपनी किंवा सरकारी खाते ह्यांची रोजच्या वापरातली माहिती मुख्यतः दोन प्रकारच्या वस्तूंवर साठते: फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कवर किंवा फ्लॅश मेमरीच्या चिपवर. हार्ड डिस्क बनवणारे जगात आता तीनच उरले आहेत, सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. फ्लॅश चिपचा बहुतेक पुरवठा सॅमसंग, एसके हायनिक्स, किओक्सिया, मायक्रॉन आणि सॅनडिस्क ह्यांच्याकडून होतो. हा माल विकत घेऊन, त्याला नियंत्रक आणि स्वतःचे सॉफ्टवेअर जोडून, बँकेच्या दालनात उभे राहील असे यंत्र तयार करून विकणाऱ्या कंपन्या वेगळ्या: नेटॲप, प्युअर स्टोरेज, डेल, एचपीई, आयबीएम, हिताची. भाचा हाताळतो ते यंत्र ह्या मधल्या फळीतल्या कोणाचे तरी असणार. तिसरी फळी ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि गूगल ह्यांची. ते यंत्र विकत नाहीत, जागा भाड्याने देतात. "डेटा वाढतो आहे, म्हणजे ह्यांचे भले होणार" असे म्हणून ह्या तिन्ही फळ्यांना एकाच दावणीला बांधले जाते. डेटा वाढतो हे खरे आहे. पण तेवढीच माहिती साठवण्याचा खर्च वर्षानुवर्षे उतरत आला आहे, त्यामुळे माल दुप्पट जाऊनही रक्कम होती तेवढीच राहिली असे ह्या धंद्यात वारंवार घडले आहे. पेट्या जास्त गेल्या म्हणून पट्टी मोठी येतेच असे नाही, हे आपल्याला मी सांगायला नको.

पहिल्या फळीचा स्वभाव आपल्या हापूससारखा आहे. भरघोस वर्षामागे ओढीचे वर्ष येते. दर चढले की सर्वच कारखाने उत्पादन वाढवतात, तो माल बाजारात येईपर्यंत मागणी मंदावलेली असते, आणि मग दर कोसळतात. मायक्रॉनने २०२२च्या आर्थिक वर्षात ८.७ अब्ज डॉलर नफा मिळवला आणि पुढच्याच वर्षी तिला ५.८ अब्ज डॉलर तोटा झाला. कारखाने तेच होते, माणसेही तीच होती. अशा कंपनीचा शेअर नफ्याच्या मानाने सर्वांत स्वस्त दिसतो तो नेमका भरघोस वर्षाच्या शेवटी, आणि नवखा गुंतवणूकदार तिथेच फसतो. कधी दुसऱ्याच्या नुकसानीतूनही दर मिळतो. २०११ साली थायलंडमधल्या पुरात वेस्टर्न डिजिटलचे कारखाने पाण्याखाली गेले, जगभर हार्ड डिस्क महागल्या, आणि ज्या सीगेटचे कारखाने पाण्याबाहेर राहिले तिची चांदी झाली. ह्यात सीगेटच्या व्यवस्थापनाचे कौतुक करण्याजोगे काही नव्हते. मधल्या फळीसाठी हेच चक्र उलटे फिरते, कारण चिप हा तिचा कच्चा माल आहे. चिपवाल्याची सुगी असते तेव्हा यंत्रवाल्याच्या नफ्याला कात्री लागते.

आता भाच्याच्या मधल्या फळीकडे वळू. येथे पहिली अडचण अशी की साठवणुकीची यंत्रे विकणाऱ्या अनेक कंपन्यांचा मुख्य धंदा भलताच असतो. डेल ह्या बाजारातली सर्वांत मोठी विक्रेती समजली जाते, तरीही जानेवारी २०२५ अखेरच्या आर्थिक वर्षात तिच्या सुमारे ९६ अब्ज डॉलरांच्या उलाढालीत साठवणुकीचा वाटा १६ ते १७ अब्ज डॉलरांचाच होता. म्हणजे डेलचा शेअर घेणारा मुख्यत्वे लॅपटॉप आणि सर्व्हर विकत घेत असतो. केवळ साठवणुकीवर उभ्या असलेल्या मोठ्या नोंदणीकृत कंपन्या म्हणाव्यात तर नेटॲप आणि प्युअर स्टोरेज ह्या दोनच पटकन आठवतात. भारतीय शेअर बाजारात तर ह्या फळीतली शुद्ध कंपनी जवळजवळ नाहीच. नेटवेब टेक्नॉलॉजीज जुलै २०२३मध्ये बाजारात आली, पण तिचा मुख्य धंदा सर्व्हर आणि सुपरकॉम्प्युटरचा आहे.

ह्या कंपन्यांचा अहवाल हाती घेतल्यावर एकूण विक्रीच्या आकड्यावर थांबू नये. विक्रीचे दोन भाग वेगवेगळे दाखवलेले असतात: यंत्राची विक्री आणि त्यानंतर वर्षानुवर्षे चालणारी देखभाल किंवा वर्गणी. यंत्र विकताना घासाघीस होते. छापील किमतीवर निम्म्याहून अधिक सूट देणे ह्या धंद्यात नवलाचे नाही. खरी मलई देखभालीच्या करारात असते. नेटॲपच्या देखभाल-सेवेत शंभर डॉलरांमागे नव्वदच्या आसपास ढोबळ नफा राहतो, यंत्रांच्या विक्रीत तो त्याहून पुष्कळच कमी असतो. ग्राहक हा करार मोडत नाही ह्याचे कारण प्रेम नव्हे, तर स्थलांतराची धास्ती आहे. बँकेची सारी खाती एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवायची म्हणजे कित्येक महिन्यांचे नियोजन, रात्रीचे काम, आणि काही चुकले तर कोणाची तरी नोकरी. ही धास्ती ग्राहकाला साधारणपणे यंत्राच्या आयुष्याच्या शेवटापर्यंत बांधून ठेवते. यंत्र जुने झाले, नवे घ्यायची वेळ आली, की सगळे विक्रेते पुन्हा दारात उभे राहतात. प्युअर स्टोरेजने २०१५पासून जी योजना राबवली तिच्यात वर्गणी चालू असेपर्यंत ठराविक वर्षांनी आतले नियंत्रक बदलून दिले जातात आणि माहिती जागची हलवावी लागत नाही. दुसऱ्या विक्रेत्याने दारात उभे राहण्याचा तो मुहूर्तच येऊ नये, असा त्यामागचा हिशेब आहे. मला ही कल्पना हुशारीची वाटते. ती फळाला येते की नाही हे पाहायचे तर आगाऊ जमा झालेली पण अजून विक्रीत न धरलेली रक्कम, आणि करार झालेली पण अजून पुरवायची असलेली सेवा, हे दोन आकडे सलग पाच वर्षांचे एका खाली एक लिहून काढावेत. ते विक्रीपेक्षा वेगाने वाढत असतील तर ग्राहक खरोखर बांधला जातो आहे.

उलट काही वेळा तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात सवलतींचा मारा करून पुढच्या तिमाहीतली मागणी आताच ओढून घेतली जाते. कल्टार घातलेले झाड लवकर मोहोरते, दर चांगला मिळतो, आणि मात्रा चुकली की पुढच्या काही वर्षांत त्याची किंमत झाड मोजते. तसाच हा प्रकार आहे. ह्याची खूण ताळेबंदात सापडते. विक्री दहा टक्क्यांनी वाढली आणि ग्राहकांकडची येणे बाकी तीस टक्क्यांनी वाढली, तर माल गेला पण पैसा आला नाही असा त्याचा अर्थ. गोदामातला शिल्लक साठा विक्रीपेक्षा वेगाने फुगत असेल तरी सावध व्हावे.

आता मी ज्याला सर्वांत महत्त्वाचे मानतो त्या मुद्द्याकडे येतो, कारण हौशी गुंतवणूकदार नेमका तोच टाळतात. अमेरिकन तंत्रज्ञान कंपन्या नफ्याचे दोन आकडे जाहीर करतात, एक लेखा-नियमांप्रमाणे आणि दुसरा स्वतःच्या पद्धतीने. प्युअर स्टोरेजचे फेब्रुवारी २०२५मध्ये संपलेले आर्थिक वर्ष घ्या. विक्री सुमारे ३.२ अब्ज डॉलर होती. नियमांप्रमाणे व्यवसायातला नफा सुमारे ८.५ कोटी डॉलर होता आणि कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीने तो सुमारे ५६ कोटी डॉलर होता. हा एवढा फरक मुख्यतः एकाच गोष्टीचा आहे: कर्मचाऱ्यांना पगाराचा काही भाग शेअरच्या रूपाने दिला जातो आणि कंपनी आपल्या आकड्यात तो खर्च धरत नाही. रोकड त्यासाठी बाहेर जात नाही हे खरे; पण आपल्या बागेच्या राखणदारांना पगाराऐवजी दर वर्षी बागेतला थोडा थोडा हिस्सा लिहून दिला, तर रोकड वाचली म्हणून आपण स्वस्थ झोपाल काय? सातबाऱ्यावर नवी नावे चढत जातील आणि पेट्या तेवढ्याच राहूनही आपल्या वाट्याच्या कमी होतील. प्युअर स्टोरेज २०१५च्या ऑक्टोबरात १७ डॉलर दराने बाजारात आली. त्यानंतरच्या जानेवारीत तिचे सुमारे १९ कोटी शेअर होते, २०२५च्या आरंभी ते ३२ कोटींच्या वर गेले. नेटॲपचे उलटे आहे; तिने सातत्याने आपलेच शेअर परत विकत घेतल्याने २०१३मधले सुमारे ३४ कोटी शेअर २०२५पर्यंत २० कोटींच्या आसपास आले, आणि शिवाय ती लाभांश देते. ह्यावरून नेटॲप चांगली आणि प्युअर वाईट असे मात्र ठरत नाही, कारण प्युअरची विक्री त्या काळात कितीतरी पटींनी वाढली आणि नेटॲपची जवळजवळ जागच्या जागी राहिली. वाढणाऱ्या बागेत वाटेकरी वाढणे आणि न वाढणाऱ्या बागेत वाटेकरी कमी होणे, ह्यांपैकी आपल्या वाट्याला अधिक काय येईल हे शेवटी आपण किती किंमत मोजली त्यावर ठरते. म्हणून प्रत्येक आकडा एका शेअरमागे किती, असा भागूनच पाहावा.

किंमत म्हणजे शेअरचा दर नव्हे. दर गुणिले एकूण शेअर, त्यातून कंपनीकडची रोकड वजा, त्यात तिचे कर्ज अधिक. एवढ्या रकमेला आख्खी कंपनी मिळते आहे असे समजावे. ही रक्कम कंपनीला वर्षाकाठी सुटणाऱ्या रोकडीने, आणि त्यातूनही कर्मचाऱ्यांना दिलेल्या शेअरांची किंमत वजा करून, भागावे. उत्तर पन्नास आले तर बाजाराने पुढची कित्येक वर्षांची वाढ आजच वसूल करून घेतली आहे असे समजावे.

हे सांगण्याचे कारण म्हणजे ईएमसी ही अमेरिकन कंपनी. भाचा शाळेतही गेला नसेल त्या काळात, १९९०च्या दशकात, मोठ्या बँकांची साठवणूक म्हणजे ईएमसी असे समीकरण होते आणि तिच्या यंत्रांविषयी तेव्हाचे अभियंते भाच्यासारखेच बोलत. सप्टेंबर २०००मध्ये तिचा शेअर शंभर डॉलरांच्या वर होता, ऑक्टोबर २००२मध्ये तो पाच डॉलरांच्या खाली आला. कंपनी बुडाली नाही, यंत्रेही बिघडली नाहीत. तिने पुढे व्हीएमवेअरसारखी सॉफ्टवेअर कंपनी विकत घेतली, विक्री वाढवली, नफा कमावला. तरीही २०१५मध्ये डेलने तिला विकत घेण्याचे जाहीर केले तेव्हा एका शेअरमागे सुमारे ३३ डॉलर देऊ केले. शंभरला घेऊन पंधरा वर्षे निष्ठेने थांबलेल्या माणसाचे दोन तृतीयांश पैसे गेले. (माझ्याकडेही २०००च्या आरंभी एका परिचिताच्या शब्दावर घेतलेल्या संगणक कंपनीच्या शेअरचा कागद फायलीत आहे. कंपनी आता नाही. परिचितही त्याविषयी बोलत नाहीत.)

"कोणीतरी मोठी कंपनी हिला विकत घेईल आणि दर दुप्पट होईल", असेही भाचा सांगत असेल. तसे घडते. २०१०मध्ये थ्रीपार नावाच्या कंपनीसाठी डेल आणि एचपी ह्यांच्यात चढाओढ लागली, आणि दहा डॉलरांच्या खाली असलेला शेअर एचपीने अखेर ३३ डॉलरांना घेतला. पण निंबल स्टोरेज २०१३च्या डिसेंबरात २१ डॉलरांना बाजारात आली आणि २०१७मध्ये एचपीईने तिला साडेबारा डॉलरांना उचलले. व्हायोलिन मेमरी त्याच २०१३मध्ये ९ डॉलरांना आली. फ्लॅशच्या वेगाबद्दल तिचा मोठा बोलबाला होता, आणि डिसेंबर २०१६मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली.

भाड्याने जागा देणाऱ्या तिसऱ्या फळीने मधल्या फळीला गिळले नाही, पण तिची वाढ खाल्ली. ॲमेझॉनने २००६च्या मार्चमध्ये एस३ ही सेवा सुरू केल्यापासून नवे उद्योग बहुधा यंत्र विकत घेण्याच्या भानगडीत पडत नाहीत. बँकांसारखे ग्राहक नियमांमुळे आणि खर्चाच्या हिशेबाने बराच डेटा स्वतःकडे ठेवतात, तर नेटॲपने आपले सॉफ्टवेअर ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट ह्यांच्याच सेवांतून विकायला काढले आहे. ह्या बाबतीत भाच्याला एक नेमका प्रश्न विचारता येईल: गेल्या तीन वर्षांत त्याच्या बँकेने जी नवी कामे सुरू केली त्यांतली किती त्या यंत्रावर गेली आणि किती भाड्याच्या जागेत? मागच्या खरेदीत छापील किमतीवर किती सूट मिळाली आणि दुसरा विक्रेता कोण होता, हेही विचारावे. नोकरीच्या मर्यादेत त्याला सांगता येईल तेवढे तो सांगेल. यंत्र किती चांगले आहे ह्यापेक्षा ही उत्तरे शेअरसाठी अधिक उपयोगी पडतील.

आठही लाख ह्यात घालू नयेत, हे माझे स्पष्ट मत आहे. आपले मूळ उत्पन्नच एक वर्षाआड येणारे आहे. ज्या वर्षी अवकाळी पाऊस आणि फुलकिडे मिळून मोहोर नेतील त्याच वर्षी अमेरिकेतला बाजारही पडलेला असला, तर फवारणीच्या खर्चासाठी पडत्या दराने शेअर विकावे लागतील. पुढच्या दोन हंगामांचा खर्च बाजूला ठेवून, उरलेल्यातले दीड-दोन लाख, तेही एका वेळी नव्हे तर वर्षभरात हप्त्याहप्त्याने, आणि एकापेक्षा अधिक कंपन्यांत. ह्याहून पुढे मी जाणार नाही.

व्यवहाराची बाजू. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरांपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. वर्षातली एकूण रक्कम दहा लाख रुपयांच्या वर गेली तर गुंतवणुकीसाठी पाठवलेल्या वरच्या भागावर बँक वीस टक्के कर आगाऊ कापून घेते, तो विवरणपत्रात वळता करता येतो. आपला प्रश्न त्या मर्यादेच्या आतला आहे. शेअर चोवीस महिन्यांहून अधिक काळ ठेवून विकल्यास नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो, त्याआधी विकल्यास आपल्या नेहमीच्या दराने. आंब्याचे उत्पन्न शेतीचे म्हणून करमुक्त असल्याने आपण आजवर विवरणपत्र भरलेच नसेल, तर ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी: परदेशी शेअर एक जरी नावावर असला तरी भारतात राहणाऱ्या माणसाला, करपात्र उत्पन्न असो वा नसो, विवरणपत्र भरावे लागते आणि त्यातल्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात तो शेअर दाखवावा लागतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी घरांत मुलाने मोबाईलवरून घेऊन दिलेले असे शेअर आहेत आणि ही नोंद कोणी केलेली नाही.

पत्नीच्या नावे घेतल्याने कर वाचत नाही. पैसे आपले असतील तर त्यांवरचे उत्पन्न आयकर खाते आपल्याच उत्पन्नात मिळवते. मात्र एक वेगळा मुद्दा आहे. अमेरिकेत न राहणाऱ्या परदेशी माणसाच्या मृत्यूनंतर तिथल्या शेअरांची किंमत ६०,००० डॉलरांच्या वर असेल तर त्या देशाचा वारसा कर लागू होतो, आणि भारताचा अमेरिकेशी ह्या कराबाबत करार नाही. ही किंमत मृत्यूच्या दिवशीची धरतात, आपण घातलेली रक्कम नव्हे. सध्या आपण त्या मर्यादेच्या खूप आत असाल. पुढे कधी जवळ आलात तर दोघांच्या नावांचा विचार तेव्हा करावा. आत्ता एवढेच करावे की खाते कोणत्या दलालाकडे आहे, त्याचा वारसा-नोंदणीचा कागद भरला आहे की नाही आणि प्रवेशाचे तपशील कुठे लिहून ठेवले आहेत, हे वहिनींना बसवून दाखवावे. मोबाईल भाच्याचा आणि शेअर आपला, अशी व्यवस्था ठेवू नये.